मास्तरांच्या बायकोचा फोटो

२१ फेब्रुवारी १९५३, शनिवार. दुपारी वाडीतलं काम आटोपून मी फिल्म कापायला बसले. केळीची कोठी हीच माझी काळोखी खोली. दार लावून फटीत चिंध्या कोंबायच्या, डोक्यावर गोधडी घ्यायची आणि हातांना जेवढं कळतं त्यावर काम करायचं. मुंबईच्या स्टुडिओत उरलेले सिनेमाच्या फिल्मचे तुकडे आमच्या तारमास्तरांच्या ओळखीने मिळत. ते तुकडे हात पसरून मापायचे, कापायचे आणि लहान डब्यांत भरायचे. आम्हा चौघांसाठी हे काम मीच करी, कारण बाकीच्या तिघांनी एकेकदा करून तुकडे वाया घालवले होते.

चौघं म्हणजे मी, स्टेशनातले तारमास्तर, दवाखान्याचे डॉक्टर आणि शाळेतले मास्तर. माझा कॅमेरा नवऱ्याने लढाई संपल्यावर एका परत जाणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याकडून घेतला होता. वर्षभरात नवरा गेला, कॅमेरा राहिला. पडून गंजण्यापेक्षा मी तो शिकून घेतला. त्याच्या खिडकीतून पाहिलं की माणूस मधोमध दुहेरी दिसतो. कडं फिरवून दोन्ही आकृत्या एकमेकींवर बसवायच्या, मग फोटो नेमका येतो. तिघांचे कॅमेरेही याच जातीचे, फक्त त्यांची पाठ उघडते. माझ्यात फिल्म खालून सरकवावी लागते. म्हणून माझ्या फिल्मचं टोक जिभेसारखं चांगलं चार बोटं लांब कापायचं. त्यांच्या फिल्मला आखूड जीभ चालते. आखूड जीभ माझ्या कॅमेऱ्यात घातली तर आतल्या फिरकीतून सुटते. बाहेरचा आकडा मात्र पुढे सरकत राहतो. माझ्या डब्यांना मी तांबडा दोरा बांधत असे.

रविवारी चार वाजता सगळे माझ्या पडवीत जमले. महिन्यातून एकदा जमायचं, कॉप्या हातोहात फिरवायच्या. प्रत्येकाने आधी आवडलेलं सांगायचं, मग एक दोष, आणि सगळ्यांचं होईपर्यंत फोटो काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, असा आमचा रिवाज.

तारमास्तरांनी म्हैस आणली होती.

"डोळे सुरेख आलेत," डॉक्टर म्हणाले. "दोष एवढाच की शेपूट चौकटीबाहेर गेलं."

"शेपटीसाठी वेगळी फिल्म लागेल," मी म्हटलं. "पण शिंगांवरचं ऊन छान पकडलंय."

तारमास्तर ओठ दाबून बसले होते. बोलायची परवानगी मिळताच म्हणाले, "वहिनी, ती म्हैस माझ्या अंगावर येत होती. शेपटीपर्यंत थांबलो असतो तर कॉपी दाखवायला तुम्हीच आला असता माझ्या तेराव्याला."

मास्तरांनी वलांडीच्या बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांचा फोटो ठेवला. पाचूबंदरचे बोंबील, मागे खाडी. फार चांगला होता.

"मास्तर," तारमास्तर म्हणाले, "गेल्या खेपेला होड्या, त्याआधी मिठागर, आता बोंबील. तुमच्या घरात माणसं राहतात की नाही?"

मास्तर रिवाजाप्रमाणे गप्प राहिले. डॉक्टरांनी मान खाली घातली. त्यांना ठाऊक होतं, मलाही थोडंफार. मास्तरांच्या बायकोला क्षय होता. आणि मास्तरांच्या आईचा पक्का समज होता की फोटो काढला की आयुष्य घटतं. लग्नातही तिने फोटो काढू दिला नव्हता. पुढे मुलाने कॅमेरा घेतला तेव्हा त्याच्याकडून स्वतःच्या गळ्याची शपथ वदवून घेतली होती, की हे यंत्र घरातल्या माणसांवर धरणार नाही.

बाकीचे उठले तरी मास्तर मागे राहिले.

"ताई, एक काम आहे. ती फोटो मागते. मुलगी पावणेदोन वर्षांची. मोठी झाल्यावर आई कशी होती ते तिला कळायला हवं, म्हणते."

"मग काढा."

"शपथ आहे."

डॉक्टर पायरीवर चपला घालत होते. मागे न बघता म्हणाले, "बाई, काढायचा तर आजच काढा."

मास्तरांची आई आगाशीला कीर्तनाला गेली होती, दिवेलागणीला परतणार होती. ऊन कलत होतं. माझ्या कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. मी कोठीत जाऊन डबी उचलली, चालता चालता कॅमेऱ्यात घातली. दोरा पाहिला नाही.

मास्तरांची बायको मागच्या अंगणात विहिरीजवळ खुर्चीवर बसली होती. हिरवं लुगडं, कपाळावर ताजं कुंकू. खोकल्याचा फडका तिने स्वतःच्या हाताने खुर्चीमागे टाकला.

"ताई, गाल बसलेले दिसतील का?"

"आहेत तसे दिसतील."

"तुम्ही तरी खोटं बोला. यांच्या डॉक्टरांनी तेवढं तरी शिकून घेतलंय."

"मान जरा डावीकडे कर. आता कमी दिसतील."

ती हसली. तेवढ्यात मी एक काढला. मुलीला जवळ घ्यायला मनाई होती. तिने हात लांब करून मुलीचं बोट धरलं, मुलगी हात सोडवू बघत होती, तसाही काढला. मग समोरून, मग बाजूने, मग उभी. बारा वेळा मी कडं फिरवलं, दोन आकृत्या एकमेकींवर बसवल्या आणि खटका दाबला. फिल्म पुढे घेताना चकती हलकी वाटली. मागच्या आठवड्यात तेल दिलं होतं, त्याचा गुण असेल, असं मनात आलं. फिल्म सरकते आहे की नाही ते डावीकडची चकती फिरते का यावरून कळतं. रोज बघते, त्या दिवशी बघितली नाही. ऊन चाललं होतं आणि फोटो मनासारखे मिळत होते.

शेवटचा काढला आणि मास्तरांची आई दारात उभी.

"काय चाललंय हे?"

"फोटो," मी म्हटलं. "तिने मागितला."

"तिने विष मागितलं तर देशील, बाय? आमच्या घरातल्या माणसाचं आयुष्य मोजायला तुला कोणी बोलावलं?"

"मी बोलावलं, आई," सून म्हणाली आणि तिला खोकल्याची उबळ आली. म्हातारी तिला धरायला धावली, वर माझ्याकडे बघून बोलतही राहिली. मी तिथेच फिल्म उलटी गुंडाळली. चार-दोन फेऱ्यांतच गुंडाळली गेली, हे त्या बोलण्यात माझ्या ध्यानात आलं नाही.

चौघांच्या फिल्म मीच धूत असे, पण एकेक नाही. चार-पाच साठल्या की एकदम धुवायच्या, म्हणजे औषध वाया जात नाही. त्या आठवड्यात केळीचे घड उतरवायचे होते, गडी आजारी होता. डबी फळीवर राहिली. ती त्याच संध्याकाळी धुतली असती तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता आलं असतं. म्हातारीशी भांडून का होईना, गेले असते. तेवढे दिवस हातात होते.

नवव्या दिवशी मास्तरांची बायको गेली.

मी गेले तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. मला पाहून म्हातारी उठली. "या बाईने नेली माझी सून. चांगली बोलत होती, बसत होती. त्या काचेसमोर बसवली आणि त्या दिवसापासून उतरणीला लागली." दोघी-तिघींनी माझ्याकडे पाहून पदर ओढून घेतले. मास्तरांनी मला फाटकापर्यंत सोडलं. म्हणाले, "ताई, मनावर घेऊ नका. कॉपी झाली की द्या. घाई नाही."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी औषध कालवलं. साठलेल्या चारही फिल्म धुतल्या. तारमास्तरांची, डॉक्टरांची, मास्तरांची, सगळ्यांची ठीक आली. माझी उजेडासमोर धरली तर आरपार दिसली. टोकाला बोटभर काळं, बाकी स्वच्छ, एकही चित्र नाही. पुन्हा हायपोच्या पाण्यात घातली, पुन्हा काढली. मग जीभ पाहिली. आखूड होती.

तारमास्तर आपली फिल्म न्यायला आले होते. त्यांनी माझी दोरीवर टांगलेली पाहिली आणि त्यांना समजलं.

"वहिनी, औषध बिघडलं म्हणून सांगा."

"बाकीच्या तीन कशा आल्या?"

"त्या कोण बघतो? म्हातारी तुम्हाला जगू देणार नाही."

"म्हातारीला वाटतंय फोटो काढला म्हणून सून गेली. फोटो निघालाच नाही, हे तिला सांगायला नको?"

"सांगून ती जिवंत होणार आहे?"

"नाही," मी म्हटलं. "तुमची फिल्म वाळली. घेऊन जा."

सकाळी केळीची गाडी रवाना करून मी मास्तरांकडे गेले. म्हातारी ओटीवर बसली होती, मास्तर तिच्या शेजारी, मुलगी आत झोपली होती. मी फिल्म मास्तरांच्या हातात दिली आणि झालं ते सांगितलं: कोणती डबी, कशी घातली, काय बघायचं राहिलं, किती दिवस फळीवर ठेवली.

मास्तरांनी फिल्म उजेडात धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश सरकवली.

म्हातारीने विचारलं, "म्हणजे फोटो निघालाच नाही?"

"नाही."

"मग ती गेली कशाने?"

"क्षयाने, आजी."

मग मास्तर उठले, शाळेची एक वही आणि टाक माझ्यापुढे ठेवला.

"तुम्ही बारा वेळा पाहिलंत तिच्याकडे. ती कशी होती ते लिहा. मुलीसाठी."

मी लिहायला बसले. उंची, रंग, केस पुढे कुरळे, हिरवं लुगडं, दात सरळ, हसताना खालचा ओठ आधी हलायचा. गालावर तीळ.

"कोणत्या गालावर?" मी विचारलं.

"डाव्या," मास्तर म्हणाले.

"उजव्या," म्हातारी म्हणाली. "मी रोज तिची वेणी घालत होते."

"आई, डाव्या."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून दोन आकृत्या जुळतात की नाही तेवढंच पाहिलं होतं. तीळ होता हे आठवत होतं, बाजू आठवत नव्हती. मी 'गालावर तीळ' एवढंच ठेवलं, पान वाळू दिलं आणि वही मास्तरांना दिली.