पायरी सांगणारा

घरसामान वाहणाऱ्या त्या दोघांना गोदामात कुणी नावानं हाक मारत नसे. एक खालचा, एक वरचा. कपाट असो नाहीतर फ्रिज, जिन्यावर खालचं टोक खालच्यानं धरायचं, वरचं वरच्यानं.

ज्यानं जिन्यावरून कपाट उतरवलंय त्याला सांगायला नको, भार सगळा खालच्या माणसावर येतो. वरचा तोल धरतो. पण खालचा उलटा उतरतो. पाठीमागे जिना, समोर कपाट. त्याला पायरी दिसत नाही की वळण. ते वरचा सांगायचा.

"पायरी. पायरी. आता टप्पा. डावा खांदा आत घे. डावा म्हटलं लेका, जेवतोस तो नव्हे!"

खालचा हसू दातांखाली दाबायचा. हसला तर पकड सुटायची.

उभी हयात अशी गेली. मध्ये कपाट, त्यामुळे कामाच्या वेळी एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, आवाज तेवढा यायचा. मजुरी निम्मी-निम्मी.

त्या निम्म्यावरूनच बिनसलं. खालच्याच्या मेव्हण्यानं एकदा जेवताना विषय काढला. "दाजी, भार तुमच्यावर आणि पैसे सारखे? तो तर नुसती वरून बडबड करतो. बडबडीचे पैसे मिळत असते, तर आमची ताई आज बंगल्यात असती!"

सगळे हसले. बायकोही हसली. खालचाही हसला, पण ते कुसळासारखं आत रुतून बसलं. त्यात गुडघे कुरकुरायला लागलेले, मुलीची फी तोंडावर आलेली. एका संध्याकाळी मजुरी हातात पडली तशी मुकादमासमोरच तो म्हणाला, "ओझं माझ्यावर असतं. मला जास्त हवेत."

वरच्यानं आपला वाटा खालच्याच्या तळहातावर ठेवला. "आजचे सगळे घे. उद्यापासून दुसरा बघ."

खालच्याला वाटलं, राग उतरला की येईल. वरच्यालाही वाटलं असेल, बोलवायला येईल. दोघंही वाट बघत बसले.

नवा जोडीदार ताकदीचा होता, पण तोंड उघडायचा नाही. एकदा सपाट टप्पा आला समजून खालच्यानं पाय टाकला आणि तिथं अजून एक पायरी होती. कपाट कठड्यावर आदळलं. उजवा गुडघा कायमचा गेला.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल," नवा म्हणाला.

बडबड कशाला म्हणतात, ते खालच्याला अंथरुणावर पडल्या पडल्या कळलं. कळलं, तरी गेला नाही.

पुढे बाजारात वरच्याची बायको भेटली. "भाऊजी, ह्यांच्या छातीत पाणी झालंय. जिना उतरवत नाही. दार वाजलं की मान वळवून बघतात."

"येतो वहिनी. गुडघा जरा बरा होऊ दे."

गुडघा बरा व्हायचा नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एकदा गेलासुद्धा. त्यांच्या जिन्याखाली कठडा धरून उभा राहिला. 'चुकलं' म्हणायचं, एवढंच होतं. सगळं आयुष्य जड उचलण्यात गेलं आणि तो एक शब्द उचलेना. उद्या येऊ म्हणून परत फिरला. असे बरेच उद्या गेले.

मग वहिनींचा निरोप आला. या वेळी 'येऊन जा' असं त्यात नव्हतं. वरचा गेला होता.

कठड्याला धरून लंगडत तो वर पोचला, तेव्हा वरच्याला फळीवर ठेवलं होतं. जिना अरुंद, वळणं आखूड. कसं उतरवायचं यावर शेजाऱ्यांची कुजबुज चालली होती. वरच्याचा भाचा म्हणाला, "काका, तुमचा पाय असा. तुम्ही डोक्याकडे धरा."

"खालचं टोक माझं," खालचा म्हणाला. कुणी वाद घातला नाही.

तो उलटा उतरू लागला. इतकी वर्षं मध्ये कपाट असायचं. आज काहीच नव्हतं. वरच्याचं तोंड अगदी समोर होतं, दाढी वाढलेलं, सुकलेलं. वजन तर इतकं कमी की अधू गुडघ्यालाही जाणवलं नाही. तेच त्याला सोसेना.

भाचा रडत होता. त्याला पायरी सांगायचं कुठून सुचणार? खालच्याचा पाय चुकला, फळी हलली.

"भाऊजी, जपून!" वरून वहिनी ओरडल्या.

तो थांबला. पायानं मागे चाचपलं. मग त्या तोंडाकडे बघत स्वतःच म्हणू लागला, "पायरी. पायरी. आता टप्पा. डावा खांदा आत."

आवाज मध्येच चिरकत होता, पण एकही पायरी त्यानं सांगायची सोडली नाही. जमीन लागली. माणसं फळी घ्यायला पुढे झाली. त्याचा पाय मात्र मागे अजून एक पायरी शोधत होता.