दोन माणसांची मोटार

आमच्या घराण्यात मोटार विकत घेणारे पहिले गृहस्थ म्हणजे माझे वडील, आणि त्या मोटारीत न मावणारे पहिले गृहस्थही तेच.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. नगरजवळच्या आमच्या गावात त्यांची बागायत होती, डोक्याला भलामोठा फेटा होता आणि मोटारीवाचून त्यांचं आयुष्यात काहीही अडलेलं नव्हतं. अडलं ते बहात्तरच्या दुष्काळाआधी, माझ्या लग्नाची सुपारी फुटली त्या दिवशी. मी तेव्हा नगरच्या कॉलेजात गणित शिकवत असे. मुलगी तिसगावची, नाव सुमन. आम्ही घरची मंडळी एस्टीतून उतरून, धोतराची धूळ झटकत त्यांच्या घराकडे चालत होतो. तेवढ्यात सुमनच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा होणारा साडू, स्वतःच्या जीपमधून भोंगा वाजवत आमच्या शेजारून गेला. जीपने उडवलेली धूळ खाली बसते न बसते तोच पारावरचा एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "थोरलं जावई जीपवालं, धाकलं एस्टीवालं."

म्हाताऱ्याने ते कौतुकानेच म्हटलं असावं. अण्णांनी मात्र ते वाक्य जेवताना चावलं, परतीच्या एस्टीत चावलं, आणि घरी आल्यावर उंबऱ्यातच थुंकून टाकलं.

"लग्नाला आमचा नवरदेव सोताच्या मोटारीतनं जाईल."

आई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. आमच्या घरात एखादी सायकल घ्यायची तरी दोन हंगाम विचार चाले.

त्या काळी नवी मोटार हवी असेल तर नंबर लावावा लागे, आणि तो येईपर्यंत नवरदेवाची मुलं त्याच मोटारीतून स्वतःच्या लग्नाला गेली असती. त्यामुळे आमच्यापुढे दोनच वाटा उरल्या.

पहिली वाट अण्णांची. नगरात ट्रकच्या बॉड्या बांधणारा एक कारखाना होता. जुन्या जीपचा सांगाडा आणून दिला की त्यावर गिऱ्हाईक सांगेल तशी बॉडी तिथे बांधून मिळे. हे अण्णांना फारच पटलं. सदरा आपल्या मापाने शिवतो, घर आपल्या मापाने बांधतो, मग मोटारच दुसऱ्याच्या मापाची का घ्यायची? एका सकाळी आमचं सगळं घर कारखान्यात माप द्यायला गेलं. अण्णा एका खोक्यावर ताठ बसले आणि मिस्त्रीने जमिनीपासून त्यांच्या फेट्याच्या तुऱ्यापर्यंत टेप लावली. आईने फरशीवर मांडी घालून दाखवली आणि अशा दोन बायका समोरासमोर बसून मध्ये पानाचा डबा ठेवता आला पाहिजे, असं बजावलं. माझी धाकटी बहीण शांता, तिला खिडक्यांना पडदे हवे होते. मग अण्णांना दुधाची कॅन अडकवायला कड्या सुचल्या, पेंडीची पोती टाकायला मागे फळी सुचली आणि शेवटी (मिस्त्री घाम पुसत असताना) पुढच्या काचेवर एक लहानसा देव्हारा सुचला. मिस्त्री हे सगळं खडूने फरशीवर आखत होता. पूर्ण झालेलं चित्र मी उभं राहून पाहिलं. ती मोटार नव्हती. खिडक्या असलेला गोठा होता.

दुसरी वाट माझी. नगरच्या कँपात एक निवृत्त कर्नलसाहेब राहत. ते कायमचे बंगलोरला मुलाकडे निघाले होते आणि त्यांना आपली मोटार विकायची होती. लालभडक, दोन सीटांची, मागे दुमडून ठेवायच्या कापडी छपराची विलायती शर्यतीची मोटार. इतकी बुटकी, की शेजारी उभं राहिल्यावर आपण तिच्यावर उपकार करतो आहोत असं वाटावं. कर्नलसाहेबांनी सांगितलं, की विलायतेतल्या कंपनीने असल्या गाड्या मुद्दाम थोड्याच केल्या आणि नंतर साचेच मोडून टाकले. मी भारावून गेलो. अण्णांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "थोड्याच का केल्या? खपत न्हवत्या व्हय?"

मला ती गाडी का हवी होती ते आता सांगून टाकतो. सुमनला मी एकदाच पाहिलं होतं, एक बशी पोहे संपेपर्यंत. तेवढ्यात मी तिला जे जे विचारलं त्याचं उत्तर तिच्या आत्याबाईंनी दिलं. शिक्षण आत्याबाईंनी सांगितलं, आवड आत्याबाईंनी सांगितली, आणि "पोहे तुम्ही केलेत का?" याला तर आत्याबाईंनी इतकं सविस्तर उत्तर दिलं की पोहे गार झाले. सुमनचा आवाज मी ऐकलेलाच नव्हता. लग्न झाल्यावरही तो ऐकायला मिळेल याची खात्री नव्हती, कारण आमच्याकडे पाहुणे लग्नाला येतात ते पावसाळा बघूनच परत जातात. उरली एकच जागा. तिसगावहून घरी येतानाचा रस्ता. उघडी लाल गाडी, करंजीचा घाट, उतरतं ऊन, शेजारी सुमन, आणि मैलोन्‌मैल आत्याबाई नाहीत. घाटाच्या माथ्यावर काय बोलायचं ते मी पाठसुद्धा केलं होतं. त्यात संस्कृत अवतरणं होती.

अण्णांना यातलं काही सांगण्यासारखं नव्हतं. त्यांना मी सांगितलं की बांधून घेतलेली गाडी काय, मिस्त्रीला सांगितली तर गावात कुणालाही मिळेल. साडूलाही मिळेल. पण साचा मोडलेली गाडी साडूने जन्मभर खटपट केली तरी त्याला मिळायची नाही. हा घाव वर्मी लागला. तरी मिस्त्रीच्या बाजूने त्यांचं मन ओढत होतंच. मिस्त्री दसऱ्याला गाडी देतो म्हणाला होता आणि लग्न वैशाखात होतं. अण्णांनी लग्नच दसऱ्यापुढे ढकलावं का, असं आईला खरोखर विचारलं. मी पुन्हा कर्नलसाहेबांच्या गाडीचे गुण गाऊ लागलो. अण्णांनी मला मध्येच थांबवलं.

"माणसं किती बसत्यात तिच्यात?"

"दोन."

"डायवर एक, नवरदेव एक." अण्णांनी दोन बोटं उघडली आणि मिटली. "बसतंय."

मीही मनातल्या मनात पडताळून पाहिलं. उत्तर बरोबर होतं.

गाडी आली. तिच्याबरोबर धोंडिबा हवालदार आले. कर्नलसाहेबांची गाडी आजवर तेच चालवत आणि लग्नापुरते ते आमच्याकडे राहणार होते. पहिला मान अण्णांचा. छप्पर लावलं तर फेटा कापडात रुतून अण्णांना मान वळवता येईना. छप्पर काढलं तर गाडी वेशीबाहेर पोचेपर्यंत फेट्याचा शेव मागे निशाणासारखा फडकू लागला आणि देवळापर्यंत फेट्यातला निम्मा फेटा गेला. अण्णा गाडीतून उतरले, (उतरले म्हणजे वर चढले, रस्ता सीटपेक्षा उंच होता) उरलेला फेटा गुंडाळला आणि म्हणाले, "गाडी ब्येस हाय. मी ट्रकमदनं येतो."

लग्नाच्या दिवशी आई वरातीच्या स्वागताला घरी थांबली. वऱ्हाड ट्रकमध्ये चढलं आणि मी हळदीच्या अंगाने, मुंडावळ्या बांधून, हवालदारांच्या शेजारी बसलो. तेवढ्यात शांता हातात कऱ्हा घेऊन समोर उभी राहिली. ती करवली. करवली नवरदेवाबरोबर जाणार, ट्रकमधून नाही, हे तिने गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. खरं तर गाडीच्या हिशोबात काहीतरी गडबड आहे हे मला तिथेच कळायला हवं होतं. पण आम्ही शांताला मागच्या दुमडलेल्या छपरावर बसवलं, तिचे पाय आमच्या दोघांच्या मधोमध सोडले आणि प्रश्न सुटला असं समजलो.

रस्ता त्या दिवसांत धुळीचाच होता आणि पुढे ट्रक चालला होता. तिसगावच्या वेशीत पोचलो तेव्हा माझी हळद कुठे संपते आणि तालुका कुठे सुरू होतो ते सांगता येत नव्हतं. हवालदारांनी गॉगल लावला होता, डोक्याला लग्नाचा फेटा बांधला होता. सुवासिनी औक्षणाचं ताट घेऊन आल्या त्या सरळ त्यांच्याकडेच गेल्या. मी हात हलवून माझं अस्तित्व जाहीर केलं. गाडी इतकी बुटकी, की ओवाळायला बायकांना उकिडवं बसावं लागलं. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "नवरदेव असा खाली का गं बसलाय? चाकं काढून ठिवली का काय?"

साडू शेजारी उभा होता. तो रुमाल काढून जीपचा भोंगा पुसू लागला. एवढ्या आनंदात माणसाला हाताला काहीतरी काम लागतं.

लग्न मात्र वेळेवर लागलं. माझं मन अक्षतांत नव्हतं, करंजीच्या घाटात होतं. जेवणं झाली, रडणं झालं, आणि माझ्या उपरण्याची आणि सुमनच्या शालूची गाठ बांधलेली, असे आम्ही दोघं गाडीपाशी आलो. हवालदारांनी अदबीने दार उघडून धरलं, मग दुसऱ्या बाजूने जाऊन ते आपल्या जागेवर बसले.

मी सीटांकडे पाहिलं. हवालदारांकडे पाहिलं. मग सुमनकडे पाहिलं.

इतके आठवडे मी डोळ्यांपुढे जे चित्र रंगवत होतो त्यात घाट होता, ऊन होतं, सुमनच्या पदराचा रंगसुद्धा होता. गाडी कोण चालवतंय, एवढंच त्यात नव्हतं. माझ्या चित्रात ती आपली आपण चालत होती.

माझ्या मागे अण्णा उभे होते. त्यांनी पुन्हा बोटं उघडली. डायवर एक, नवरदेव एक, नवरी एक. तिसऱ्या बोटाकडे ते परक्याचं बोट असावं तसे बघत राहिले.

मी घाईघाईने म्हणालो, की हवालदार ट्रकमधून येतील, गाडी मीच चालवतो. मोटार चालवण्यावरचं एक पुस्तक मी वाचलं होतं. अण्णांनी हळदीच्या अंगाने घाटात गाडी घालायला साफ मनाई केली. मग सुमनला शांतासारखं मागच्या छपरावर बसवावं अशी सूचना कुणीतरी केली. त्याबरोबर गर्दी दुभंगली आणि काखेत बोचकं मारून आत्याबाई पुढे आल्या. नव्या नवरीबरोबर सासरी जायला माहेरची एक पाठराखीण लागते, आणि ती त्या होत्या. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं असणार. मी घाटात असणार.)

"आमची पोर काय पेंडीचं पोतं हाय का मागं टाकायला?" असं म्हणून त्या रिकाम्या सीटवर बसल्या. बसल्या म्हणजे खाली गेल्या. बुटक्या गाडीच्या त्या खोल सीटमध्ये आत्याबाई अशा काही रुतल्या की बाहेर फक्त बोचकं आणि चेहरा राहिला. दोघी-तिघींनी हात धरून ओढून पाहिलं. गाडी हलली, आत्याबाई हलल्या नाहीत.

"ऱ्हाऊ द्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी हाय ती बरी हाय. पोरीला द्या माझ्या मांडीवर."

पण पोरीला माझी गाठ बांधलेली होती आणि ती घरच्या देवापुढेच सुटायची होती. सुमन आत बसली तर मला तिसगावपासून आमच्या गावापर्यंत गाडीबरोबर पळावं लागलं असतं. ट्रकमध्ये जागा होती. आम्हा दोघांना तिथे चढवलं. हवालदारांनी गाडी सुरू केली, आत्याबाईंनी धुळीपासून बचाव म्हणून पदर पार हनुवटीपर्यंत ओढला, आणि झेंडूच्या माळा उडवत माझी लाल गाडी, साचा मोडलेली, त्या दोघांना घेऊन माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली.

करंजीचा घाट मी पाहिला नाही. माझ्यापुढे रुखवताचं पिंप होतं. सुमन माझ्या शेजारी होती, पण तिच्या मांडीवर एक पाहुणी झोपली होती आणि माझ्या पाठीशी टेकून अण्णांचे मेहुणे घोरत होते. मी अवतरणं गिळली.

घरी पोचलो तर दारात सन्नाटा. वाजंत्रीवाले वाद्यांसकट खाली बसलेले, आणि आई ताट हातात घेऊन भिंतीला टेकलेली. लाल गाडी आमच्या पुष्कळ आधी पोचली होती. फेट्यातला गॉगलवाला पुरुष आणि पदराआड चेहरा झाकलेली बाई, दोघंही धुळीने एका रंगाचे, पाहून वाजंत्री सुरू झाली होती. आईने डोळे पुसत ओवाळलं होतं. मग चौघांनी मिळून नवरीला सीटमधून उपसून काढलं होतं आणि उंबऱ्यावरचं तांदळाचं माप आत्याबाईंनी असं लाथाडलं होतं की तांदूळ माजघरापर्यंत गेले. त्यानंतर आईने नवरीचा पदर वर केला होता. त्या धक्क्यातून ती अजून सावरली नव्हती. आत्याबाई आत चहा पीत होत्या.

नव्याने माप भरून आणेपर्यंत आम्ही दोघं उंबऱ्याबाहेर उभे राहिलो. सगळे आत्याबाईंना पाहायला आत पळाले होते. दारात आम्ही दोघंच. सुमनने इकडेतिकडे पाहिलं, पदर जरासा सरकवला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मी तिचा आवाज ऐकला. छान आवाज होता. अगदी खाली, माझ्यापुरता.

"एक इचारू का? तुमी कालिजात गनित शिकवता म्हनून सांगितलं हुतं आमाला. खरं हाय का ते?"

मी म्हणालो, "नाही. इतिहास."