गेरूच्या खुणा

मेहबूब गवंड्याबद्दल खरं तर दुसऱ्या कुणीतरी लिहायला पाहिजे होतं. पण आमच्या जुन्नरात जे लिहिणारे आहेत ते शिवनेरीवर लिहितात, लेण्यांवर लिहितात, नाणेघाटावर लिहितात. चुन्यानं ज्याच्या हाताची सालटी निघाली त्याच्यावर कोण लिहितंय? म्हणून मीच बसलो. माझं नाव भगवंत, बाजारपेठेत खता-बियाण्याचं दुकान आहे. तोंडाचा फटकळ म्हणून अख्खं गाव मला ओळखतं. आणि जिथं बोलायलाच पाहिजे होतं, नेमकी तिथं माझी दातखीळ बसली.

मेहबूबचा आजा चुन्याचं काम करायचा, बापही तेच. भट्टीतला चुना भिजवायचा, बैलाच्या घाणीत वाळूबरोबर दळायचा, त्यात गुळाचं आणि बेलफळाचं पाणी घालायचं. मशिदीचा कट्टा फुटला की यांना बोलावणं, देवळाची ओवरी गळायला लागली की यांनाच बोलावणं. पोरगा बापाच्या मागं घमेलं घेऊन फिरला आणि फिरता फिरता सगळं जुन्नर शिकला. कुठली भिंत कधीची, कुठल्या दगडावर कुणाचा हात, हे तो पानटपरीवर उभा राहून सांगायचा. एकदा मला गावाबाहेरच्या एका पडक्या गुंबजात घेऊन गेला आणि कोनाड्यावरची कमळाची कळी दाखवली. तिथनं सरळ आमच्या पेठेतल्या महादेवाच्या देवळात आणलं आणि खांबावरची कळी दाखवली.

"बघा शेठ, पाकळी वळवताना छन्नी डावीकडनं आलीया. दोन्हीकडं तसंच हाय. डावखुऱ्यांचं घराणं आसंल येखादं. देवाचं बी त्यांनीच केलं आन् गुंबजाचं बी."

"तुला कुणी सांगितलं? त्या डावखुऱ्यानं?" मी म्हणालो.

"दगडानं," तो म्हणाला. मी हसलो. खरं-खोटं देव जाणे, पण त्या दिवसापासून त्या देवळात गेलो की माझी नजर आधी कळीकडं जायची आणि मग पिंडीकडं.

देऊळ लहानसंच होतं. दगडावर दगड बसवलेला, मधे चुन्याचं बोटसुद्धा नाही. पण पिंपळानं मूळ घातलं आणि मागची भिंत फुगली. पंधरा वर्षांपूर्वी पेठेनं ठरवलं की देऊळ उतरवायचं, मूळ काढायचं, पाया भरायचा आणि जसंच्या तसं पुन्हा उभं करायचं. जीर्णोद्धार समिती झाली. चांगदेव अध्यक्ष, मी चिटणीस. दगडांवर खुणा करायचं काम मेहबूबला द्यायचं, यावर कुणाचं दुमत नव्हतं. तेव्हा नव्हतं.

चारशे बारा दगड होते. प्रत्येकावर दिशा, थर आणि नंबर घालायचा, म्हणजे मांडताना चूक नको. चांगदेवानं लाल ऑइलपेंटचा डबा आणून ठेवला. मेहबूबनं डब्याला हात लावला नाही.

"देवाच्या दगडाला हे नको. परत निघायचं न्हाई. देऊळ हुबं राह्यलं तरी अंगावर आकडे तसंच ऱ्हात्याल. आमच्यात गेरूनं खूण करत्यात. काम झालं की वल्लं फडकं फिरवलं, संपलं."

"अरे, पण गेरू पाण्यानं जाईल की," मी म्हणालो.

"म्हणून तर झाकायचं, शेठ. तुमच्या दुकानात ताडपत्र्या हैत न्हवं? चार द्या मोठ्या."

"देतो की," मी म्हणालो. हे दोन शब्द मी माझ्या तोंडानं बोललो, आणि ऐकायला तो एकटाच होता.

देऊळ उतरलं. दगड नदीच्या अलीकडच्या मोकळ्या जागेत ओळीनं मांडून ठेवले. पायाचं काम लांबलं, घडाईचे कारागीर दुसरीकडं अडकले. तेवढ्यात कांद्याची काढणी आली. वळवाच्या भीतीनं शेतकरी ताडपत्रीसाठी दुकानात रांग लावून उभे. मेहबूब आला. मी म्हणालो, उद्या नवा माल येतोय, उद्या देतो. माल आला आणि दुपारपर्यंत उडाला. चार दिवसांनी तो परत आला. गिऱ्हाईक समोर होतं, मी हातानंच थांब म्हणून खुणावलं. तो बराच वेळ थांबला आणि गेला. मी काही देवाचा वैरी नव्हतो हो. पण देवाला फुकट द्यायच्या होत्या ना, म्हणून मागं पडल्या. एवढंच.

त्याच आठवड्यात एका दुपारी गारा झाल्या. पाऊण तासाचा खेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नदीकडं गेलो तर मेहबूब दगडांच्या मधोमध उकिडवा बसलेला. एवढे स्वच्छ दगड मी जन्मात बघितले नव्हते. उताराला माती तेवढी लाल झाली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "माझंच चुकलं, शेठ. तो डबा वापराया पायजे व्हता." ताडपत्रीचं नाव त्यानं काढलं नाही. मी पण काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यानं मला बोलावून नेलं. जमिनीवर अकरा दगड मांडलेले होते, दाराची चौकट. सांध्याला सांधा असा बसला होता की नख जाईना.

"हितं छन्नीचा घाव सुरू व्हतो, आन् ह्या दगडावर सरतो. दगड खोटं बोलत न्हाईत. दोन महिनं द्या मला. मजुरी नको. फकस्त सभेत तुमी बोला, माझं कोण ऐकणार?"

मी म्हणालो, बोलतो. आणि मला बोलायचंच होतं. मी डोळ्यांनी चौकट बघितली होती. देऊळ परत उभं राहणार होतं, यात मला शंका नव्हती.

सभा शाळेच्या पडवीत भरली. मेहबूब कडेला उभा. मी उठायच्या आधी चिमाजीआबांनी, पेठेतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं, साधा प्रश्न विचारला. "आरं, पन दगड झाकलं का न्हवतं?"

मेहबूबनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, तोंड उघडलं नाही. मला वाटलं, हा आता सांगणार, दोनदा मागितल्या, शेठनं दिल्या नाहीत. अख्ख्या पेठेत माझी छी-थू होणार. मी पटकन उठलो आणि म्हणालो, "झालं ते झालं. खुणा गेल्या, आता चारशे दगड कोण जुळवणार? आरसीसीत करून टाकू, श्रावणाच्या आत कळस चढेल."

हात वर झाले. कुणाला घाई नसते? वर मोहित नावाचं एक पोरगं, तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं, मागनं म्हणालं, "मुळात त्याला दिलंच कशाला? मुद्दाम केलं नसंल कशावरनं?" दोघं-चौघं हसले. माझ्या तोंडाची ख्याती सांगितलीच आहे. एरवी त्या पोराला मी उभा सोलला असता. त्या दिवशी मी पंखा कसा फिरतोय ते बघत बसलो. मेहबूबनं चपला पायात घातल्या आणि गेला. अकरा दगड जुळले होते, हे त्या सभेत कुणाला कळलंच नाही.

देऊळ झालं. श्रावणात कळसही चढला. आत खालपासून वरपर्यंत गुळगुळीत टाइल, स्टीलचा कठडा, पंखे. पेठेला आवडलं. मला तिथं गेलं की न्हाणीघरात देव बसवल्यासारखं वाटतं, पण हे बोलायचा हक्क मी गमावलाय.

मेहबूबला मात्र जुनं काम कुणी दिलं नाही. "मेहबूब होय? देऊळ घालवलं तो?" एवढं पुरे झालं. जुन्नरात अजून दहा ठिकाणं असतील जिथं चुन्याचा हात पाहिजे होता. तिथं सिमेंट थापलं गेलं, आणि चुन्याची विद्या ज्याच्या बोटांत होती तो लोकांच्या संडास-बाथरूमच्या फरश्या बसवत राहिला. सकाळी कामाला जायच्या आधी तो नदीकडच्या दगडांत जायचा. दगड एकेक करून जायला लागले होते. कुणी धुण्याला नेला, कुणी पायरीला. त्याला प्रत्येकाचा पत्ता ठाऊक. दुकानात येऊन सांगायचा, "मंडपाचा खांब चांगदेवाच्या गोठ्यात गेला, शेठ. गाय बांधलीया." तक्रार म्हणून नाही, गावाला गेलेल्या माणसाची खबर सांगावी तसं.

एकदा त्याची बायको ताहेरा मेथीचं बी न्यायला आली. म्हणाली, "भाऊ, तुमी तरी समजवा ह्यांना. रोज सकाळी त्या दगडांत जाऊन बसत्यात. म्हणत्यात, माझ्या हातनं देवाचं घर गेलं. झोपेत बी आकडे म्हणत्यात." मी बी बांधून दिलं, वर कोथिंबिरीची एक पुडी जास्तीची टाकली. बघा, हे माझं प्रायश्चित्त. कोथिंबीर!

चार वर्षांपूर्वी उरलेसुरले दगड जेसीबीनं उचलले आणि काठावरच्या भिंतीच्या भरावात घातले. चौकटीचे अकराही त्यातच गेले. तोवर मी मनात म्हणत होतो, एक दिवस सांगू, एक दिवस दगड पुन्हा मांडू. त्या दिवशी तोही दरवाजा बंद झाला. मेहबूब त्यानंतर नदीकडं गेला नाही.

गेल्या वर्षी त्याचा हजला नंबर लागला. मुलगी तहरीम नर्स आहे, तिनं सगळं केलं. हजला निघणारा माणूस आधी सगळ्यांना भेटून माफी मागतो, "कहा-सुना माफ करा" म्हणतो. माणसांकडून माफी मिळाल्याशिवाय निघायचं नाही, अशी त्यांच्यात रीत आहे. मेहबूब नातेवाइकांत फिरला, गल्लीत फिरला. सोमवारी आरतीनंतर देवळाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. पांढरा झब्बा, चपला हातात. म्हणाला, "पेठेच्या देवाचं घर माझ्या चुकीनं गेलं. मी हजला चाललोय. माफ करा मला."

चांगदेव खाली उतरला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आरं येड्या, कवाच माफ केलं." बायकांनी मान डोलावली. तो मोहित आता समितीत आहे, त्यानंही वाकून नमस्कार केला. मी खांबाआड होतो. तिथनं तसाच मागच्या मागं दुकानात आलो.

तासाभरानं तो दुकानात आला, ताहेराभाभी बरोबर होती. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. फरशी-सिमेंटनं चिरा पडलेले हात. मला वाटलं, आता ताडपत्रीचं म्हणेल. म्हणाला असता तर मी पाया पडलो असतो, देवाशपथ.

"शेठ, सभेत तुमी माझ्यासाठी बोलणार व्हता. माझ्या चुकीपायी तुमची बी अडचण झाली. माफ करा."

माफी द्यायचा हक्क जणू माझाच, अशी तो ती मागत होता, आणि उत्तराची वाट बघत होता, कारण त्याशिवाय त्याला जाता येत नव्हतं.

"केलं माफ, मेहबूबभाई," मी म्हणालो.

त्यानं हात सोडले, भाभीकडं वळून म्हणाला, "चला, आता मोकळा झालो." पायरी उतरताना तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरुण दिसत होता.