गच्चीवरचं विरजण

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीवर सगळ्यांसमोर चमचाभर जिवाणू खत पाण्यात कालवून पिऊन दाखवलं, तेव्हा मी टाकीच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. हसू आवरत नव्हतं म्हणून पदर तोंडाला लावला होता. त्यांनी चमचा उंच धरला, मिशी पुसली आणि म्हणाले, "बघा, मी प्यायलो. काय झालं? काय नाय झालं. एकदम नॅचरल आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. साठीचा धडधाकट गडी, रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारणारा. त्याला काही झालं नाही, म्हणजे ते सगळ्यांना सुरक्षित. विषय संपला. पुढच्या रांगेत एक बाई बसल्या होत्या, त्यांनी तर जिवाणू हा शब्द ऐकताच मास्क चढवला होता. चमचा पाहिल्यावर तो काढून पर्समध्ये टाकला. आधीची भीती अडाणी होती आणि नंतरचा धीर त्याहून अडाणी.

मी तीस वर्षं परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात जंतूंच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. रुग्णांचं रक्त, पू, थुंकी यायची. ते काचेच्या लहान थाळ्यांवर लावायचं, दुसऱ्या दिवशी काय उगवलंय ते बघायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. काही जंतू मला झाकण उघडायच्या आधी ओळखू यायचे. एकाला तर पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर वास येतो आणि तो थाळी हिरवट करून टाकतो. भाजलेल्या माणसांच्या वॉर्डातून तो हमखास यायचा. तोच मातीत राहतो, पाण्यात राहतो, त्याचे काही भाऊबंद झाडांच्या मुळांशी फार गुणाने नांदतात. ज्याची प्रतिकारशक्ती शाबूत आहे त्याच्या वाटेला तो जात नाही. ज्याची नाही, त्याला सोडत नाही. ही एवढी गोष्ट चौथीतल्या पोरालाही समजावता येते. मी ती त्या दिवशी गच्चीवर कोणालाही समजावली नाही. सेक्रेटरींनी "मॅडम, तुम्ही लॅबवाल्या, दोन शब्द बोला," असं म्हटलं. मी म्हणाले, "पाकिटावर सगळं छापलंय. वाचता येतं ना सगळ्यांना?" आणि उठून खाली आले.

पाकिटाबद्दल माझी तक्रार नव्हतीच, हे आधी सांगते. सेक्रेटरींनी ते दादरच्या एका कृषी प्रदर्शनातून आणलं होतं. काळी भुकटी, तिच्यात हवेतला नत्र मुळांना मिळवून देणारे जिवाणू. वर जिवाणूचं नाव, वापरायची शेवटची तारीख, उन्हात ठेवू नका, हातमोजे घाला, उघडल्यावर लगेच संपवा. कोणीतरी तो वाण निवडलेला, तपासलेला, दुसरं काही मिसळलेलं नाही याची खात्री केलेली. शेतकरी असं खत वर्षानुवर्षं बियाण्याला चोळत आलेत. त्यात भिण्यासारखं काही नाही आणि चमच्याने प्यायचंही काही कारण नाही.

घोळ घातला तो आमच्या माणसांनी, आणि आमच्याच पद्धतीने.

आमचा टॉवर लालबागला जुन्या चाळीच्या जागेवर उभा आहे. माणसं बहुतेक तीच, गिरणीतल्या लोकांची मुलं-सुना. चाळीत कोणाकडे विरजण संपलं की वाटी घेऊन शेजारी जायचं, आणि देणाऱ्याने वर चमचाभर जास्तच घालायचं. एका घरचं दही असं फिरत फिरत अख्ख्या मजल्यावर व्हायचं आणि दोन महिन्यांनी परत पहिल्या घरी यायचं. लिफ्ट आली, दरवाजे बंद झाले, तरी ही वाटी काही सुटली नाही. मला ती आवडते, खोटं कशाला बोलू?

तर आमच्या समोरच्या दारातल्या काकू. मालवणकडच्या, सत्तरीच्या, हाताला चव आणि जिभेला लगाम नाही. त्यांनी विचार केला, पाकीट संपल्यावर नवीन कशाला आणायचं? दही लावतो तसं लावू. त्यांनी शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरलं, गुळाचा खडा टाकला, त्यात चमचाभर भुकटी. दोन दिवसांत बाटली गढूळ झाली, फसफसली, आणि काकूंना वाटलं की विरजण लागलं. मग त्यातलं अर्धं झाडांना, अर्धं मागे ठेवायचं, पुन्हा गूळ. आठव्या मजल्यावरचे घेऊन गेले, त्यांच्याकडून तिसऱ्या मजल्यावर गेलं. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो यायला लागले: आमचं विरजण, तुमचं विरजण, कोणाचं जास्त फसफसतं. सेक्रेटरींनी प्रत्येक फोटोला हात जोडले. उघड्या बाटलीतलं गुळाचं पाणी, नळाचं पाणी, धुतला-न-धुतला चमचा, गच्चीवरची कबुतरं. त्यात कोण कोण येऊन वस्ती करेल, हा प्रश्न एकाही डोक्यात आला नाही. दह्याचं आंबट बाकीच्यांना वाढू देत नाही म्हणून दही टिकतं. गुळाच्या पाण्यात राखणदार कोणी नाही.

एकदा लिफ्टमध्ये आठव्या मजल्यावरच्या बाई अशी बाटली घेऊन उभ्या होत्या. झाकण सैल होतं. मला तो द्राक्षांचा वास आला. पाण्यावर हिरवट झाकही होती. "मस्त वाढलंय ना?" त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "भारीच." आणि माझा मजला आल्यावर उतरले.

घरी येऊन मी माझ्या जुन्या लॅबमधल्या मैत्रिणीला फोन लावला. "अगं, आमच्या टॉवरमध्ये जंतूंचं विरजण लावतात!" मी सेक्रेटरींचा चमचा रंगवून सांगितला, काकूंचा गूळ सांगितला, लिफ्टमधला वास सांगितला. ती तिकडे लोटपोट, मी इकडे. आमचे हे बाजूलाच बसून वाटाणे सोलत होते. माझं हसणं बघून तेही हसले.

आता यांच्याबद्दल सांगायला हवं. यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. चार वर्षांपूर्वी मी माझी एक दिली. शरीराने ती परकी समजून टाकून देऊ नये म्हणून यांना रोज गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या गोळ्या अंगातली प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली दाबून ठेवतात. आमच्या घरी पाणी उकळून, फळं सोलून, बाहेरचं काही नाही. गॅलरीत यांच्या कुंड्या आहेत, मोगरा, गुलाब, अळू. तिथे खिळ्याला रबरी हातमोजे टांगलेले. मातीला हात लावायचा तर मोजे घालूनच, हा माझा कायदा. एवढा कायदा असल्यावर माझ्या घरात असलं काही शिरणार नाही याची मला खात्री होती. बाहेरच्या मूर्खांचं काय व्हायचं ते होवो.

मी बँकेत गेले असताना काकूंनी बेल वाजवली. "भावजी, ह्या घेवा. गुलाबाक घाला, गूळ घातलो की वाढता आपोआप." यांनी बाटली घेतली. झाकण मोज्यांनी फिरेना म्हणून मोजे काढले. गुलाबाच्या बुंध्याशी ओतलं, बोटांनी माती खालीवर केली, काटा लागला, बोट चोखलं आणि धुतलं. संध्याकाळी मला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी बोट वांग्यासारखं झालं आणि अंगात कापरं भरलं.

हॉस्पिटल माझंच. त्याच जिन्याने मी तीस वर्षं वर गेले होते, आता खाली बाकड्यावर बसले. बोट चिरून पू काढला. रक्तातही जंतू निघाला. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या, त्यांनी सरळ सांगितलं की जंतूशी लढायला प्रतिकारशक्ती हवी, म्हणून या गोळ्या कमी कराव्या लागतील, आणि गोळ्या कमी केल्या की शरीर किडनीवर उलटू शकतं. "किडनी जाऊही शकते, मावशी." मी मान हलवली. माझीच होती ती. चार वर्षं दोघांत मिळून सांभाळलेली.

मैत्रिणीने केवळ माझ्या शब्दाखातर बाटली आणि सेक्रेटरींकडचं उरलेलं पाकीट दोन्ही तपासलं. पाकिटात छापलेला जिवाणू निघाला, दुसरं काही नाही. बाटलीत मात्र तो औषधालाही उरला नव्हता. बाटलीत होता तो द्राक्षांच्या वासाचा. यांच्या रक्तातला आणि बाटलीतला एकच, असं छातीठोक सांगायला आणखी तपास लागतो, असं ती म्हणाली. बरोबरच म्हणाली. मला तपास नको होता.

त्याच दिवशी सेक्रेटरी शहाळं घेऊन आले. मी दारातच त्यांना धरलं. "आता प्या की चमचाभर! नॅचरल ना?" वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. ते बिचारे शहाळं माझ्या हातात ठेवून निघून गेले. मग मी आत येऊन यांच्यावर घसरले. एवढी वर्षं माझ्याबरोबर काढली, लॅबच्या गोष्टी ऐकून कान किटले असतील, तरी परक्याची बाटली उघड्या हाताने घेतलीत? कळत नाही का एवढं?

यांचा आवाज पार खोल गेला होता. म्हणाले, "तू फोनवर सांगत होतीस तेव्हा किती हसत होतीस. मला वाटलं, धोक्याचं असतं तर तू हसली नसतीस."

मी शहाळ्याचं तोंड कापायला सुरी शोधत बसले. सुरी तिथेच होती.

किडनी वाचली. रक्ताच्या तपासणीतला तिचा आकडा पहिल्यासारखा नाही, पण चालते आहे. बोट वाकत नाही, भाताचा घास घेताना ते वेगळंच ताठ राहतं आणि मला रोज दोन वेळा ते बघावं लागतं. हे घरी आल्यावर मी बादली आणि जंतुनाशकाची बाटली घेऊन मजल्या-मजल्यावर फिरले, एकोणीस घरांतली विरजणं ओतून घेतली. प्रत्येक दारात तेच सांगितलं: पाकीट चांगलं आहे, उघडलं की संपवा, मोजे घाला, वाढवत ठेवू नका, आणि घरात आजारी माणूस असेल तर त्याच्यापासून लांब. दोन मिनिटं लागायची. एकाही माणसाला समजायला कठीण गेलं नाही. आठव्या मजल्यावरच्या बाईंनी तर कागदावर लिहून फ्रिजला लावलं.

काकूंचं दार मी शेवटचं ठेवलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं, स्वतः बाटली आणून बादलीत उपडी केली. डोळे पुसले. मग माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता, खरंच विचारत होत्या.

"वैनी, तुमका आधीपासून ठाऊक होता. मग तुमी सांगूक नाय, तर आमका कळतला कसा?"