धुरपताची कानाची परीक्षा

भाताच्या रोवणीला वाकलेल्या बाईला बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही. डोळे चिखलात, हात पऱ्ह्याच्या रोपांच्या जुडीत आणि गप्पा मात्र बांधीच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. कोणाची सून माहेरी पळाली, कोणाचा नवरा नाल्यात पडलेला सापडला, सगळं कानानंच घ्यायचं. सिहोऱ्याच्या धुरपतानं उभं आयुष्य असंच घालवलं. हात सगळ्यांत चपळ आणि जीभ हातांहून चपळ, अशी तिची ख्याती होती.

मग कान हळूहळू गेले. बाया हसल्या की ती हसायची, पण जरा उशिरा. कोणी काही विचारलं की भलतंच उत्तर द्यायची. बायांनी दोन हंगाम चालवून घेतलं आणि तिसऱ्या हंगामात तिला हाकच मारली नाही. बाया काही वाईट नव्हत्या. पण दिवसभर वाकायचं आणि शेजारी दगड, हे कोणाला आवडतं? त्याच वर्षी नवरा गेला आणि मुलगा अश्विन तिला जवाहरनगरच्या आपल्या क्वार्टरमध्ये घेऊन आला. तो कारखान्यात नोकरीला होता. घरात त्याची बायको भावना होती.

क्वार्टरमध्ये धुरपताला स्वयंपाकघर मिळालं. तोंडं दिसत होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता. जेवताना भावना तिच्याकडे बघून गोड हसत काहीतरी म्हणायची, अश्विन ताटात बघून हसायचा, आणि आपल्यावर लाडाची थट्टा चाललीय असं समजून धुरपताही हसायची. एवढं खुळं हसू मी दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही.

कान तपासायचं ठरलं तेही काही मायेपोटी नाही. कुकरच्या शिट्ट्या तिला ऐकू येत नव्हत्या. दोनदा डाळ करपली, तिसऱ्यांदा कुकर उडाला आणि वरण छताला चिकटलं. तेव्हा भावनानं फर्मान काढलं की आता बुढीचे कान दाखवा. माणसाचे कान गेले त्याचं कोणाला काही नव्हतं, छत खराब झालं त्याचं होतं.

धुरपताचा हिशेब मात्र वेगळा होता. कान आले की सिहोऱ्याला परत जायचं. बुद्धविहाराच्या मागे नवऱ्यानं बांधलेल्या दोन खोल्या होत्या. रोवणीचा आषाढ तोंडावर आला होता. एकदा ऐकू येऊ लागलं की बाया नाही कशाला म्हणतील? अश्विनला तिनं हे कितीदा तरी बोलून दाखवलं होतं, आणि दरवेळी त्यानं मान हलवली होती. मान कशी हलली हे बारकाईनं बघायची अक्कल आईला नसते.

अश्विन-भावनाबरोबर भंडाऱ्याच्या कानाच्या दवाखान्यात जायच्या दिवशी तिनं ठेवणीतलं पातळ नेसलं. तिच्या डोक्यात एकच बसलं होतं, की ही परीक्षा आहे आणि पास होईल त्यालाच ऐकू यायचं मशीन मिळतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला यापेक्षा वेगळं काय वाटणार?

तपासणारी मॅडम तरुण होती. तिनं आधी बॅटरी लावून दोन्ही कान आतून पाहिले, मळ काढला. मग जाड दाराच्या एका लहानशा खोलीत नेऊन बसवलं. पदर डोक्यावरून काढायला सांगितल्यावर धुरपता मुलासमोर संकोचली, पण परीक्षा म्हणून काढला. कानांवर मोठे हेडफोन आले. बारीकशी शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं, हे मॅडमनं हातानं करून दाखवलं.

धुरपतानं सपाट्यानं बोट वर करायला सुरुवात केली. शिट्टी असो नसो, बोट वरच. शेवटी मॅडम दार उघडून आत आली आणि कानाशी ओरडली, "आजी, खोटं बोट नाही करायचं! नाही ऐकू आलं तर गप बसायचं!"

"मंग मी नापास होईन ना, मॅडम."

"इथे नापास कोणी होत नाही. जेवढं येईल तेवढंच खरं सांगा."

दुसऱ्या खेपेला तिनं प्रामाणिकपणे बोट मांडीवर ठेवलं. ते बहुतेक वेळ तिथेच राहिलं. कानामागच्या हाडावर पट्टी लावून पुन्हा तेच झालं. तपासणीच्या कागदावर दोन्ही कानांच्या रेघा खाली घसरल्या होत्या. मॅडमनं अश्विनला सांगितलं, "दोन्ही कानांची नस कमजोर आहे. पण मशीननं पुष्कळ फरक पडेल. आजच लावून बघू."

मशीन कानामागे बसलं, आणि आधी पंखा आला. मग खुर्चीची करकर, मग स्वतःचा श्वास. धुरपताच्या डोळ्यांना धारा लागल्या.

मॅडमनं तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं. "आता ओठ बघायचे नाहीत. जे ऐकू येईल ते जसंच्या तसं म्हणायचं. पाणी."

"पाणी."

"भाकर."

"भाकर!"

"वा! आता घरच्या आवाजावर बघू. तुम्ही दोघं मागे बसून बोला, अगदी हळू. मी इकडे आवाज जुळवते." मॅडम कॉम्प्युटरकडे वळली.

अश्विन म्हणाला, "आई, जेवली का?"

"आई, जेवली का," धुरपता म्हणाली. पोराचा आवाज किती भरदार झालाय, हुबेहूब त्याच्या बापासारखा! ती आणखी ताठ बसली.

मागे भावनानं आवाज पार खाली आणला. इतकी वर्षं पाठीमागे बोलून मोकळं व्हायची सवय लागलेली, ती एका मशीननं थोडीच सुटते? "आता हे बुढी सिहोऱ्याले जातो म्हनन. घर इकलं, हे कोन सांगन हिले?"

"कायले सांगाचं?" अश्विनही तसाच कुजबुजला. "मरतवरी रांधन इथंच."

मग भिंतीकडे तोंड करून, धड्यातली ओळ वाचावी तशा खणखणीत आवाजात धुरपता म्हणाली, "आता हे बुढी सिहोऱ्याले जातो म्हनन. घर इकलं, हे कोन सांगन हिले."

म्हणून झाल्यावर तिला त्याचा अर्थ लागला, सिहोऱ्याचं घर विकलं गेलं होतं. मॅडमचे हात थांबले. पण परीक्षा अर्धी सोडायची नसते, आणि खोटं सांगायचं नाही असं बजावलेलं होतं. दुसरं वाक्यही तिनं म्हटलं, एकेक शब्द जागेवर ठेवत.

"कायले सांगाचं. मरतवरी रांधन इथंच."

अश्विन उठून तिच्या पुढ्यात आला, वाकला आणि सवयीनं तिच्या कानाशी ओरडला, "आई, मजाक करून राह्यलो होतो!"

"बोंबलू नको, बाबू," ती म्हणाली. "आयकू येते मले."

मॅडमनं मान वर न करता मशीन रात्री काढून ठेवायला सांगितलं, पाण्यापासून जपायला सांगितलं, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

भंडाऱ्याच्या स्टँडसमोर तिघं रिक्षासाठी उभी राहिली. रस्त्यापलीकडे कंडक्टर दारात लोंबकळून ओरडत होता, "तुमसर, सिहोरा! तुमसर, सिहोरा!" एवढ्या गर्दीतूनही एकेक अक्षर तिच्या कानात उतरत होतं. बस सुटेपर्यंत तो ओरडत राहिला आणि बस सुटेपर्यंत तिनं ते ऐकलं. मग भावनानं रिक्षा थांबवली आणि धुरपता आत सरकून बसली.