आईच्या खात्याचा कोड

त्या प्रकरणात गुन्हा दाखलच झाला नाही. तरी नोकरीतली मोठमोठी प्रकरणं पुसट झाली आणि हे मात्र जसंच्या तसं राहिलं.

भिवंडीत एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. अंजूरकडचे एक सत्तरीचे गृहस्थ तक्रार अर्ज घेऊन आले. बायको वर्षापूर्वी वारलेली, घरात एकटेच. त्यांनी तिचा मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला.

"सायेब, रोज दुपारी हिच्या फोनवर सहा आकडे येतात. कोनीतरी हिच्या खात्यात शिरायला बघतंय. जमिनीचे कागद हायत त्याच्यात."

बचत गटाच्या बैठकीत शिकून त्या बाईंनी खात्याला दुहेरी पडताळणी लावली होती. पासवर्ड टाकल्यावर फोनवर कोड येतो, तो दिल्याशिवाय खातं उघडत नाही. पासवर्ड चुकला असता तर कोड आलाच नसता. म्हणजे हे काम पासवर्ड ठाऊक असलेल्या जवळच्याच माणसाचं.

"पासवर्ड कोणाला ठाऊक आहे?"

"हिला होता. मना न्हाय."

"मुलंबाळं?"

"न्हायत," म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. खोटं बोलणारा माणूस हातांना काम शोधतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं.

अर्ज सायबर सेलकडे पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. प्रयत्न वज्रेश्वरीतल्या एका मोबाइलवरून होत होते. नोटीस दिल्यावर त्या फोनची मालकीण हजर झाली. तिथे पूजासाहित्याचं दुकान चालवणारी, चाळिशीची. अर्जदारांची मुलगी.

"पासवर्ड मीच आईला बनवून दिलेला," तिने जबाबात सांगितलं. "माझ्यासाठी तिनं तिच्या आवाजात कायकाय रेकॉर्ड करून ठेवलंय."

"मग वडिलांकडे कोड मागायचा."

"माझ्या लग्नापासून बाबा बोलत न्हायत. आईच्या मयतीला पन दारातून परत धाडलं."

"कोड मिळणार नाही हे माहीत असून रोज प्रयत्न?"

"दुपारी बाबा घरात एकटेच पडून असतात. आईचा फोन वाजला, की घरात कायतरी वाजलं. एवढंच."

मी वडिलांना बाईंचा फोन घेऊन बोलावून घेतलं. दोघं समोरासमोर बसले, पण एकमेकांकडे बघेनात. तिला पासवर्ड टाकायला सांगितला. टेबलावरचा फोन वाजला.

"तक्रार चालवायची की बंद करायची, तुम्ही सांगा," मी वडिलांना म्हणालो. "कोड थोडाच वेळ चालतो."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. इतक्या वर्षांत मुलीशी बोललेलं तेवढंच.

खातं उघडलं. बाईंचा आवाज आला, "ऐक गं, सुकट आधी कोरडी भाज..."

म्हातारा टेबलावर डोकं टेकून रडला. मुलगी उठली नाही, पण तिने आवाज वाढवला.

स्टेशन डायरीत मी 'तक्रार नाही' अशी नोंद घेतली. दोघं वेगवेगळ्या रिक्षांनी गेले. पुढे काय झालं, मला कळलं नाही.

निवृत्तीनंतर मीही माझ्या खात्याला ही पडताळणी लावली. सगळ्यांनी लावावी, असं सांगतोही. पण आपल्या माघारी कोणाला आत येऊ द्यायचं, हे हयातीत ठरवून सांगावं लागतं, हे मी त्या टेबलावर शिकलो. माझ्या माघारी खातं उघडू शकेल अशा विश्वासातल्या एका माणसाचा नंबर माझ्या फोनने मागितला होता. तो रकाना मी अजून भरलेला नाही.