मेव्हण्याची पानथरी

डॉक्टर म्हणाले पानथरी, मी ऐकलं पथरी. पुढचं ऐकणार तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. त्या दुष्काळात घागर दवाखान्यातही सोबत असायची. ती उचलून मी पळालो.

आजारी होता बायकोचा धाकटा भाऊ. भोकरहून कॉलेजसाठी आमच्याकडे आलेला. ताप, घसा लाल, मानेला गाठी. त्याला तपासून घरी पाठवलं होतं. मी समजून घ्यायला मागे थांबलो होतो.

घरी येऊन मी उपचार जाहीर केले. "पथरी हाय. कुळथाचं कढण प्यायचं, लई पाणी प्यायचं, आन् उड्या मारायच्या. खडा खाली उतरतो."

शेजारणीने स्वतःच्या वाट्याचं पाणी आणून दिलं. पोरगा आज्ञाधारक. अंगात ताप असताना ओट्यावरून उड्या मारत राहिला.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "दाजी, पोट दुखतंय ते समजलं. पण डावा खांदा का दुखून राहिलाय?"

"वाकडा झोपला असशील," म्हणत मी बाम शोधायला लागलो. बायकोने त्याचे पांढरे पडलेले ओठ पाहिले आणि ती अनवाणीच डॉक्टरांना आणायला धावली.

डॉक्टरांनी घरी येऊन त्याच्या पोटाला हात लावला. "काय केलं?"

"उड्या मारल्या. दाजी म्हणले."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "अहो, पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजली म्हणालो मी! त्याला धक्कासुद्धा लागायला नको होता. फुटलीय. पोटात रक्त साचलं की खांदा दुखतो."

आमचं लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पाट्या बदलल्या होत्या, बाकीचं यायचं होतं. नशिबाने सरकारी दवाखान्यात एक सर्जन आले होते. त्यांनी पानथरी काढली. रक्त कमी पडलं, माझं जुळलं, ते दिलं. तोवर बायको दाराबाहेर भावाच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती.

बाहेर येऊन सर्जन म्हणाले, "वाचला. तरण्या पोरांना येतो हा ताप. पानथरी फुटणं क्वचितच. कधी तर नुसत्या खोकल्यानंही फुटते."

"बघ," मी बायकोला म्हणालो, "खोकल्यानंही."

तिने चपला खाली ठेवल्या, डोळे पुसले.

"पोटावरचे टाके सदऱ्याखाली झाकून जातील," ती म्हणाली. "पण अंगात तुमचं रक्त घातलंय, हे त्याचं लग्न जमवताना पोरीकडच्यांना सांगावंच लागंल."